जमिनीचं विधेयक शेवटच्या पानांपासून वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही ऑस्ट्रेलियात राहतो. आमच्या राज्य सरकारने ॲबोरिजिनल (इथल्या मूळनिवासी) लोकांच्या जमिनीसंबंधी नवं विधेयक मांडलंय. सरकार म्हणतं, यामुळे त्यांचे हक्क बळकट होतील. इथली लँड कौन्सिल (ॲबोरिजिनल लोकांची जमीनविषयक संस्था) मात्र कडाडून विरोध करतेय. आमच्या मराठी मंडळातले काही जण म्हणतात, लँड कौन्सिलला पाठिंब्याचं पत्र देऊ या. बाकीच्यांचं म्हणणं, हक्क मिळत असताना विरोध कशाला? आपण बाहेरून आलेली माणसं, आपल्या पत्राला कोण विचारतो? आणि उद्या आपल्याच घरांवर दावे आले तर?"

मी न्यू साउथ वेल्समध्ये वकिली करते. माझं बरंचसं काम लँड कौन्सिलांच्या जमीनदाव्यांचं असतं, आणि खाली लिहिलेलं बहुतेक त्या कामातून कळलेलं आहे.

घरांची भीती आधी निकालात काढू, कारण ती मनात असली की पुढचं काही डोक्यात शिरत नाही. तुमचं घर जाणार नाही. खासगी, पूर्ण मालकीच्या (फ्रीहोल्ड) जमिनीवरचं नेटिव्ह टायटल, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांचा परंपरागत हक्क, कायद्याने केव्हाच संपलेलं आहे. न्यू साउथ वेल्सच्या १९८३ च्या जमीनहक्क कायद्याखाली दावा करता येतो तो फक्त सरकारी जमिनीवर, आणि तीही वापरात नसेल तरच. १९९२ च्या माबो निकालानंतर आणि पुन्हा १९९६ च्या विक निकालानंतर (दोन्हींबद्दल पुढे सांगते) 'तुमची परसदारं जातील' अशी भीती लोकांना घातली गेली होती. तशी कुणाची परसदारं गेली नाहीत. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मुद्दा पुन्हा निघेल, तेव्हा एवढंच सांगा.

आता मूळ प्रश्न. 'पत्र पाठवावं की नाही' हा त्याचा शेवटचा तुकडा आहे. खरा प्रश्न हा की, वरवर हक्क देणारं विधेयक ज्यांना हक्क मिळणार त्यांनाच नको असतं, असं का होतं? हे कळलं तर पत्रात काय लिहायचं ते आपोआप कळेल.

तुम्ही राज्याचं नाव दिलेलं नाही, आणि इथे राज्य बदललं की उत्तर बदलतं. ऑस्ट्रेलियात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वर्तमानपत्रांतसुद्धा त्यांची सरमिसळ होते. एक म्हणजे नेटिव्ह टायटल: वसाहत येण्याआधीपासून चालत आलेला हक्क, जो हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायालय) ३ जून १९९२ ला माबो खटल्यात मान्य केला आणि ज्याच्यासाठी केंद्राने १९९३ मध्ये कायदा केला. त्यासाठी परंपरा आणि जमिनीशी अखंड नातं सिद्ध करावं लागतं. दुसरी म्हणजे जमीनहक्क कायदे. नॉर्दर्न टेरिटरीत १९७६ चा, दक्षिण ऑस्ट्रेलियात पिट्जंटजट्जारा लोकांसाठी १९८१ चा, न्यू साउथ वेल्समध्ये १९८३ चा. न्यू साउथ वेल्सच्या कायद्यात परंपरेचा पुरावा लागत नाही. जमिनी हिरावल्या गेल्या, त्याची अंशतः भरपाई म्हणून पडीक सरकारी जमीन मागायचा तो हक्क आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने १९८५ मध्ये असा कायदा आणून पाहिला, पण वरच्या सभागृहात विधेयक पडलं. दाव्याने जमीन मिळवून देणारा तसा कायदा तिथे आजही नाही. तेव्हा तुमचं विधेयक यांतल्या कशाला हात लावतंय ते आधी बघा. वारसास्थळांचं असेल तर तो तिसराच प्रकार, त्याच्याकडे पुढे येते.

माझ्या टेबलावर नवं विधेयक आलं की मी ते शेवटून वाचायला घेते. पहिल्या पानांवर उद्दिष्टं असतात, आदर असतो, 'सहभाग' आणि 'सक्षमीकरण' असतं. मंत्र्यांचं भाषण त्यांच्यावरच बेतलेलं असतं. खरी गोष्ट मागच्या परिशिष्टांत असते, जिथे जुन्या कायद्यातून नव्या कायद्यात जाण्याच्या तरतुदी लिहिलेल्या असतात. आधीच दाखल झालेल्या दाव्यांचं काय? कायदा कुठल्या तारखेपासून लागू? मागच्या तारखेपासून तर नाही ना? भरपाई आहे की नाही? सातबाऱ्यावर नाव लागायचा अर्ज तलाठ्याकडे वर्षानुवर्षं पडून आहे, आणि मधेच कायदा बदलून 'प्रलंबित अर्ज रद्द समजावेत' अशी एक ओळ घातली, तर आपल्याकडचा शेतकरी काय म्हणेल? पहिल्या पानांवर त्याला कितीही सन्मान दिला तरी तो आंदोलनाला रस्त्यावर उतरेलच.

हे काल्पनिक नाही. एडी माबो आणि त्यांच्या साथीदारांनी टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटासाठी १९८२ मध्ये दावा लावला. खटला चालू असतानाच क्वीन्सलंडच्या सरकारने १९८५ मध्ये एक छोटासा कायदा केला. १८७९ मध्ये ही बेटं राज्याला जोडली गेली तेव्हाच तिथले सगळे जुने हक्क संपले, असं त्यात मागच्या तारखेने जाहीर केलं होतं. भरपाई शून्य. म्हणजे कोर्टाने उत्तर द्यायच्या आत प्रश्नच पुसून टाकायचा. माबो आणि साथीदारांना आधी या कायद्याविरुद्ध लढावं लागलं. १९८८ च्या डिसेंबरमध्ये हायकोर्टाने १९७५ च्या वंशभेदविरोधी कायद्याच्या आधारे तो निष्प्रभ ठरवला, तोही चार विरुद्ध तीन मतांनी. एक न्यायमूर्ती पलीकडे असते तर १९९२ चा निकाल आलाच नसता. तो निकाल येण्याच्या काही महिने आधी, जानेवारी १९९२ मध्ये, माबो वारले.

प्रलंबित दावा म्हणजे नेमकं काय, हे आमच्या राज्यातल्या उदाहरणाने सांगते, कारण बाहेरच्या माणसाला इथेच वाटतं की 'अजून मिळालेलंच नाही, मग गेलं काय?' लँड कौन्सिल जमिनीचा तुकडा शोधते, त्याचा प्लॉट क्रमांक काढते, दावा दाखल करते. त्या दिवशी घड्याळ थांबतं. ती जमीन कायदेशीर वापरात होती का, तिच्यावर ताबा होता का, अत्यावश्यक सार्वजनिक कामासाठी ती लागणार होती का, हे सगळं दाव्याच्या तारखेला काय होतं त्यावर ठरतं. मंत्र्यांनी दहा वर्षांनी निर्णय दिला तरी बघायचं त्या तारखेलाच. त्यामुळे आमचं निम्मं काम जुने हवाई फोटो, नगरपालिकेची गवत कापायची बिलं, विजेची जोडणी, कुंपणाची दुरुस्ती यांत जातं.

दोन निकाल शेजारी ठेवले की किती बारीक धाग्यावर सगळं लटकलेलं असतं ते कळतं. वॉगा वॉगा शहरात वाहन नोंदणीचं बंद पडलेलं कार्यालय असलेली सरकारी जागा होती. दावा दाखल झाला तेव्हा सरकारने ती विकायचं ठरवलं होतं आणि त्याची तयारी चालू होती. ही तयारी म्हणजेच वापर, असं मंत्र्यांचं म्हणणं. २००८ मध्ये हायकोर्टाने ते फेटाळलं: जमीन विकायच्या खटपटीला जमिनीचा वापर म्हणता येत नाही. लँड कौन्सिल जिंकली. पुढे बेरिमाचा जुना तुरुंग आला. तो २०११ मध्ये बंद झाला आणि २०१२ मध्ये त्यावर दावा लागला. पण तिथे सुरक्षारक्षक होते, वीज चालू होती, आणि सामुदायिक सेवेची शिक्षा झालेली माणसं बाग राखत होती. एवढ्यावरून त्या जागेवर ताबा आहे असं ठरलं, आणि २०१६ मध्ये हायकोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी दावा नाकारला.

अशा घासाघाशीतून जाणारे ३८ हजारांहून अधिक दावे न्यू साउथ वेल्समध्ये निर्णयाविना पडून असल्याचं राज्याच्या महालेखापालांनी २०२२ च्या अहवालात नोंदवलं. काही दावे तर एका पिढीने लावलेले आणि दुसरी पिढी पाठपुरावा करतेय असे आहेत. या दिरंगाईचा दोष दावेदारांचा नाही. आणि तरी, विधेयकात 'प्रलंबित दावे निकाली निघाले असे समजावे' अशा अर्थाची एक ओळ पुरे, सगळं पाण्यात.

२०१४ मध्ये नेमकं हेच होऊ घातलं होतं. 'समुद्रकिनारे सर्वांच्या मालकीचे राहावेत' अशा गोंडस नावाचं विधेयक राज्य सरकारने मांडलं. ऐकायला कोणाची हरकत असणार? किनाऱ्यावर फिरायला सगळ्यांनाच आवडतं. आत मात्र किनारपट्टीच्या सरकारी जमिनींवर आधीच दाखल झालेले दावे मागच्या तारखेने मोडीत काढायची तरतूद होती. राज्याच्या ॲबोरिजिनल लँड कौन्सिलने ती ओळ बाहेर काढली, तिच्यावरच बोट ठेवलं, आणि 'लोकांना किनाऱ्यावर येऊ द्यायला आमची ना नाही, चर्चेला बसा' असंही सोबत सांगितलं. स्थानिक कौन्सिलांची माणसं मॅक्वारी स्ट्रीटवरच्या विधानभवनापर्यंत आली. काही आठवड्यांत सरकारने विधेयक मागे घेतलं. माझ्या मते ती मोहीम जिंकली याचं मोठं कारण तिचा नेमकेपणा. 'आमच्यावर अन्याय होतोय' हे खरंच होतं, पण सदस्यांच्या हातात पडलं ते 'अमुक परिशिष्टातली अमुक तरतूद'.

दुसरी गोष्ट मी बघते ती अशी: दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा? इथे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण गेल्या काही वर्षांतलं ते मला सर्वांत कडू वाटणारं उदाहरण आहे.

तिथला वारसास्थळांचा कायदा १९७२ चा. त्याच्या कलम १८ खाली जमीनधारक, म्हणजे बहुतेक वेळा खाणकंपनी, मंत्र्यांकडे स्थळ नष्ट करायची परवानगी मागू शकत असे. परवानगी नाकारली तर कंपनीला अपील होतं. परवानगी दिली तर ज्यांचं स्थळ, त्या ॲबोरिजिनल लोकांना अपील नव्हतं. पिलबरा भागातल्या जूकन गॉर्जच्या गुहा पूटू कुंटी कुरामा आणि पिनीकुरा लोकांच्या. तिथे ४६ हजार वर्षांपासूनच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. २०१३ मध्ये रिओ टिंटो या खाणकंपनीला कलम १८ ची परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी उत्खननात जे सापडलं त्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, माणसांच्या केसांच्या वेणीचा पट्ट्याचा तुकडा होता, आणि डीएनए तपासणीत त्याचं नातं आजच्या याच लोकांशी जुळलं. पण एकदा दिलेली परवानगी नव्या माहितीमुळे पुन्हा तपासायची सोयच कायद्यात नव्हती. २४ मे २०२० ला सुरुंग लागले आणि गुहा गेल्या. कंपनीने माफी मागितली, प्रमुख अधिकाऱ्यांना पायउतार व्हावं लागलं, केंद्रीय संसदेच्या समितीने चौकशी केली.

साहजिकच नवा कायदा आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये विधेयक मांडलं गेलं आणि डिसेंबरमध्ये मंजूरही झालं. त्यात करारांवर भर होता, स्थानिक वारसा संस्थांना अधिकृत भूमिका होती, दंड जबर होते. तरी ॲबोरिजिनल संस्था पर्थच्या रस्त्यांवर निषेध करत होत्या आणि काही नेत्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीकडे आधीच धाव घेतली होती. कारण करार झाला नाही तर अखेरचा निर्णय पुन्हा मंत्र्यांचाच होता. तुमच्या मंडळातल्या 'हक्क मिळत असताना विरोध कशाला' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. त्यांना 'नाही' म्हणायचा अधिकार हवा होता. मिळाला तो फक्त चर्चेला बसायचा.

पुढचं आणखी वाईट. तो कायदा १ जुलै २०२३ ला लागू झाला. या वेळी शेतकरी, पशुपालक आणि जमीनमालक चिडले. कुंपणाचा खांब रोवायला परवानगी लागेल, अशी हवा झाली. हजारो सह्यांचा अर्ज विधिमंडळात गेला. ८ ऑगस्टला, म्हणजे जेमतेम सहाव्या आठवड्यात, सरकारने कायदा रद्द करायचं जाहीर केलं, आणि नोव्हेंबरपासून १९७२ चाच कायदा काही दुरुस्त्यांसह परत आला. त्या दुरुस्त्यांत नेटिव्ह टायटलधारकांना कलम १८ च्या निर्णयाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जायचा हक्क मिळाला, नवी माहिती मिळाली तर मंत्र्यांना कळवायचं बंधन आलं. ही भर खरी आणि मोलाची आहे. पण ॲबोरिजिनल लोकांनी महिनोन्महिने सांगितलेल्या हरकतींनी जे हललं नाही, ते दुसऱ्या गटाच्या नाराजीने पाच-सहा आठवड्यांत उलथलं, हे तिथल्या लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणूनच बाहेरच्यांच्या पत्रांना किंमत असते, असं मला ठामपणे वाटतं. सरकार सह्या मोजतं, आणि ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येत ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर लोक जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास आहेत. फक्त त्यांच्याच सह्या मोजल्या तर ते नेहमीच हरतील.

तिसरी गोष्ट वेळ. विधेयकाचा मसुदा कधी दाखवला, त्यावर बोलायला किती दिवस दिले, आणि दाखवलेला मसुदा नि मांडलेलं विधेयक एकच आहे का? ॲबोरिजिनल समाज दूरदूर विखुरलेले असतात. निर्णय घ्यायचा तर सगळ्या कुटुंबांची बैठक लागते, वडीलधारे लागतात, मधेच कोणाचं निधन झालं तर सगळं काम थांबतं आणि ते थांबायलाच हवं. दोन आठवड्यांची मुदत देऊन 'आम्ही विचारलं होतं' म्हणणं म्हणजे विचारणं नव्हे.

इथे एक गुंता मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा, कारण त्यात आपल्या देशाचाही संबंध येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय न्यायालयाने निकाल दिला की जमीनवापराच्या करारावर नेटिव्ह टायटलच्या सर्व अर्जदारांच्या सह्या हव्यात. एकाने जरी सही केली नाही, तरी करार नोंदवता येणार नाही. खटला पर्थकडच्या नूंगार लोकांच्या कराराचा होता, पण धक्का देशभरातल्या करारांना बसला. क्वीन्सलंडमधल्या कारमायकल कोळसा खाणीसाठी अदानी समूहाचा वांगान आणि जगालिंगू लोकांशी झालेला करारही त्यांत होता. दोन आठवड्यांत दुरुस्ती विधेयक संसदेत आलं आणि जूनमध्ये मंजूर झालं. खाणीला विरोध करणाऱ्या वांगान-जगालिंगू गटाने त्याविरुद्ध आवाज उठवला. पण अनेक ॲबोरिजिनल संस्थांनी दुरुस्तीला पाठिंबाही दिला, कारण वर्षानुवर्षं घासून केलेले त्यांचे स्वतःचे करार लटकले असते. तेव्हा 'ॲबोरिजिनल लोकांचा विरोध आहे' असं सरसकट लिहू नका. कोणाचा, कोणत्या तरतुदीला, हे लिहा. तुमच्या भागातली लँड कौन्सिल एक बोलते आणि तिथले पारंपरिक मालक दुसरं, असंही होतं. तुम्ही त्यात पंच म्हणून उतरू नका. ज्यांच्या जमिनीवर तुम्ही राहता त्यांना विचारा.

आता सभागृहाचं गणित. ते झटपट सांगते, पण पत्र कोणाला लिहायचं ते यावरच ठरतं. क्वीन्सलंडमध्ये वरचं सभागृह १९२२ मध्येच बरखास्त झालं, त्यामुळे तिथे सगळा भर विधेयकाची छाननी करणाऱ्या विधिमंडळ समितीच्या टप्प्यावर ठेवावा लागतो. नंतर फार थोडं हाती उरतं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये सत्ताधारी पक्षाकडे खालच्या सभागृहातल्या ५९ पैकी ५३ जागा होत्या आणि वरच्या सभागृहातही बहुमत होतं. मग ते विधेयक महिन्याभरात कसं सरकलं हे वेगळं सांगायला नको. न्यू साउथ वेल्सच्या वरच्या सभागृहात सरकारला सहसा छोट्या पक्षांची मनधरणी करावी लागते. तिथे एकेका सदस्याच्या कार्यालयात गेलेलं पत्र वाचलं जातं.

केंद्रातलं ठळक उदाहरण विक निकालानंतरचं. २३ डिसेंबर १९९६ ला हायकोर्टाने, पुन्हा चार विरुद्ध तीन मतांनी, ठरवलं की पशुपालनासाठी भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनींवर नेटिव्ह टायटल आपोआप संपत नाही. दोन्ही हक्क भिडले तर पशुपालकाचा वरचढ. एवढ्यानेही पंतप्रधान हॉवर्ड यांच्या सरकारने दहा कलमी योजना आणली आणि मूळ कायदा कापायला घेतला. १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅनबेरात संसद भवनासमोरच्या हिरवळीवर सुमारे ७० हजार रंगीत हात रोवले गेले. नेटिव्ह टायटलच्या बाजूने काढलेल्या निवेदनावर सामान्य नागरिकांनी केलेल्या सह्या त्या हातांवर होत्या. त्यातले बहुसंख्य सहीकर्ते ॲबोरिजिनल नव्हते. सिनेटने, म्हणजे केंद्रीय संसदेच्या वरच्या सभागृहाने, विधेयक दोनदा सरकारला हवं तसं होऊ दिलं नाही. जून १९९८ मध्ये क्वीन्सलंडच्या निवडणुकीत नेटिव्ह टायटलला विरोध करणाऱ्या वन नेशन पक्षाने ११ जागा जिंकल्या, पुढची देशव्यापी निवडणूक वंशाच्या मुद्द्यावर होईल या धास्तीने अपक्ष सिनेटर ब्रायन हॅराडिन यांनी काही बदल पदरात पाडून तडजोड केली, आणि जुलैमध्ये दुरुस्ती मंजूर झाली. मार्च १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने तिच्यातल्या भेदभावावर ताशेरे ओढले. कायदा मात्र राहिला. तेव्हा पत्र पाठवलं की विधेयक पडेल, असं मंडळाला सांगू नका. पत्रांमुळे बऱ्याचदा वेळ मिळतो, एखादी तरतूद गळते, आणि 'लोकांना याचं काही पडलेलं नाही' असं म्हणायची सोय सरकारला राहत नाही.

मग कोर्टं आहेतच ना, असं कोणी म्हणेल. आहेत, पण भरवसा मर्यादित. राज्यांवर वंशभेदविरोधी कायद्याचा अंकुश आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने १९९३ मध्ये नेटिव्ह टायटल संपवून त्याजागी स्वतःची व्यवस्था आणली, ती हायकोर्टाने १९९५ मध्ये चालू दिली नाही. पण केंद्राने स्वतःच वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवायचं ठरवलं तर ठेवता येतो. २००७ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत तेच केलं. १२ मार्च २०२५ ला युनुपिंगू खटल्यात हायकोर्टाने म्हटलं की केंद्राच्या सत्तेखाली नेटिव्ह टायटल संपवलं गेलं असेल तर ते मालमत्ता घेणंच आहे आणि त्याची न्याय्य भरपाई द्यायला हवी. त्या खटल्यातली जमीन गोव्ह द्वीपकल्पातली. त्याच जमिनीवरच्या बॉक्साइट खाणीविरुद्ध यिरकालाच्या योल्ङू लोकांनी १९६३ मध्ये झाडाच्या सालीवर रंगवलेले अर्ज संसदेत पाठवले होते. मधे गेली ती सहा दशकं. शिवाय भरपाईचं हे घटनात्मक बंधन राज्य सरकारांवर नाही, आणि तुमचं विधेयक राज्याचं आहे. ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात संसदेला सल्ला देणाऱ्या, या लोकांच्या 'व्हॉइस' मंडळाचा प्रस्तावही पडला. म्हणजे विधेयक येतं तेव्हा या लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायची कायमची घटनात्मक जागा अजूनही नाही. उरतात त्या समित्या, सदस्यांची कार्यालयं, रस्ता, आणि शेजारीपाजारी.

तर मंडळाने काय करावं. पत्र लिहायच्या आधी लँड कौन्सिलच्या कार्यालयात फोन करा किंवा जाऊन भेटा. 'आम्ही काय लिहिलं तर तुम्हाला उपयोग होईल?' असं विचारा. बहुतेक ठिकाणी त्यांनी मुद्दे काढून ठेवलेले असतात. कधीकधी ते म्हणतील, सध्या थांबा, वाटाघाटी चालू आहेत. मग थांबा. त्यांच्या पुढे धावणाऱ्या पाठिंब्यामुळे त्यांची बोलणी फिसकटल्याचं मी पाहिलंय.

पत्र एका पानाचं पुरे. नक्कल केलेली शंभर पत्रं एकत्र मोजली जातात. वेगळं, स्वतःच्या शब्दांतलं एक पत्र वाचलं जातं. 'आम्ही भारतातून आलो, आम्हालाही वसाहतवाद माहीत आहे' असा मजकूर मराठी मंडळींच्या मसुद्यांत हटकून असतो. त्यातली भावना खरी असते, पण त्यात दोन परिच्छेद घालवू नका. एक वाक्य पुरे. मजकूर साधारण असा असू द्या:

"आम्ही या मतदारसंघात राहणारे मराठी भाषक रहिवासी आहोत. स्थानिक लँड कौन्सिलने समितीला दिलेल्या निवेदनाला आमचा पाठिंबा आहे. विधेयकाच्या परिशिष्टातली प्रलंबित दावे रद्द करणारी तरतूद वगळावी. जे दावे आधीच दाखल झाले आहेत ते, दाखल झाले त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणेच निकाली काढावेत. दावेदारांना विचार करायला पुरेसा वेळ मिळेपर्यंत विधेयकावर मतदान घेऊ नये."

परिशिष्टाचा आणि तरतुदीचा खरा क्रमांक घाला. विधेयक दुसऱ्या प्रकारचं असेल तर मुद्दा बदला: अखेरचा शब्द मंत्र्यांचा असेल तर त्याबद्दल लिहा, पुनर्विलोकनाचा हक्क एकाच बाजूला असेल तर त्याबद्दल. समितीला दिलेलं निवेदन सहसा नावासकट प्रसिद्ध होतं, हे सही करणाऱ्यांना आधी सांगा. व्हिसाची प्रक्रिया चालू असलेल्यांना संकोच वाटू शकतो. त्यांच्यावर दबाव आणू नका. नाव गुप्त ठेवायची विनंतीही समितीला करता येते. मतदार असलेल्यांनी त्याच मजकुराची प्रत आपल्या आमदारांना आणि वरच्या सभागृहातल्या छोट्या पक्षांच्या, अपक्षांच्या कार्यालयात स्वतंत्र पाठवावी.

मंडळात एकमत झालं नाही तर मंडळाच्या नावाने पत्र पाठवायचा हट्ट धरू नका. दहा जणांनी स्वतःच्या नावाने लिहिलेली दहा पत्रं, मतभेद दाबून काढलेल्या एका लेटरहेडपेक्षा जास्त उपयोगी. आणि ज्यांना 'घर जाईल' ही भीती आहे त्यांना लँड कौन्सिलच्या खुल्या बैठकीला घेऊन जा. तिथे ज्या पाणथळ जागेबद्दल, ज्या दफनभूमीबद्दल किंवा मैदानामागच्या ज्या झाडीबद्दल बोललं जातं, ती त्यांनी रोज जाता-येता पाहिलेली असते.

तुमचं राज्य, विधेयकाचं पूर्ण नाव आणि समितीची शेवटची तारीख खाली लिहा. मी परिशिष्टं वाचून नेमक्या तरतुदी काढून देते. तारीख उलटून गेली असली तरी लिहा. समितीची दारं बंद झाल्यावरही मतदानाच्या दिवसापर्यंत सदस्यांना पत्र पाठवता येतं.